तिच्या वाट्याचं वचन

बायको इस्पितळात गेल्याच्या सातव्या आठवड्यात काटेवाल्यांनी देवाशी बोलणं बंद करायचं ठरवलं. भांडून नव्हे. भांडायला समोर कोणीतरी लागतं.

वजनकाटे दुरुस्त करण्यात पंचेचाळीस वर्षं गेली, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. भिंतीवर खुंट्यांना टांगलेली पारडी, खणांत पितळी वजनं, डब्यांत स्प्रिंगा. दुकानदारांचे काटे यायचे, टपाल कचेरीचा यायचा, दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा यायचा. काटेवाले बोलायला कमी आणि स्वतःवर भरवसा त्याहून कमी. दुरुस्त झालेला काटा परत देताना ते दोनदा तपासत, गिऱ्हाईक रस्त्याला लागलं की हाक मारून तिसऱ्यांदा तपासत. टपालवाले म्हणत, "अहो, काटा स्थिर झाला, आता तुम्ही व्हा."

त्यांची बायको घरी बसून कपडे शिवायची. तिचं नाव पडलं होतं टाचणीबाई, कारण ओठांत चार टाचण्या धरूनही तिची टकळी चालूच असायची. माप घेता घेता ती गिऱ्हाइकाच्या सासूपासून शेजाऱ्याच्या मांजरापर्यंत सगळ्यांची खबर घ्यायची आणि टाचणी एकदाही गिळायची नाही.

दोघांचा एक नेम होता. सकाळी चहाच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बायबलमधलं एक स्तोत्र म्हणायचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने तो लावला. काटेवाल्यांना मोठ्याने प्रार्थना करायची लाज वाटे, शब्द घशात अडकत. "एवढंच ना?" ती म्हणाली, "मग अर्धं अर्धं करू. एक वचन तुमचं, एक माझं. तुमची लाजही अर्धी होईल."

सुरुवातीला मध्ये पुस्तक उघडं असायचं. पुढे ते मिटलेलंच राहिलं. दोघांना पाठ झालं होतं, पण ज्याला त्याला आपापल्या वाट्याचंच. तिचं वचन चालू असताना काटेवाले ऐकत नसत असं नाही, पण आपलं पुढचं चुकू नये या काळजीत असत.

त्यांचं सगळ्यात जास्त म्हटलेलं स्तोत्र म्हणजे तहानलेल्या हरिणीचं. ते लहानसंच आहे, अकरा वचनांचं. त्यात आपल्याच जिवाला समजावणारं एक वचन आहे, असा का खचतोस, देवाची आशा धर, अशा अर्थाचं. ते मध्यावर एकदा येतं आणि शेवटी पुन्हा येतं. दोन्ही वेळा ते काटेवाल्यांच्याच वाट्याला. आणि नेहमीची गडबड तिथेच. मध्यावरचं म्हटलं की त्यांना वाटे, संपलं. ते "आमेन" म्हणून मोकळे होत. की लगेच टाचणीबाईच्या बोटातलं अंगुस्तान, शिवताना सुई लागू नये म्हणून घालायची ती धातूची टोपी, टेबलावर वाजायचं. टक, टक. दोनदा.

"मधलं पाणी कुठे गेलं?" ती विचारायची. "पूल बांधलात का परस्पर?"

कारण मधल्या वचनांत पूर आहे, लाटांवर लाटा आहेत, आणि तू मला का विसरलास असं देवाला तोंडावर विचारलेलं आहे. काटेवाले खाली मान घालून मागे जायचे आणि पाण्यातून पुन्हा चालायचे. कधी कधी ती त्यांना चिडवायची, "बघा ना कशी वाटणी झालीय. रडायचं काम तुमचं, डोळे पुसायचं माझं." तेव्हा ते हसायचे. ते किती खरं होतं हे त्यांना इस्पितळात कळलं.

एका दुपारी ती मशीनवरच कोसळली. बाहीवरची शिवण अर्ध्यापर्यंत सरळ होती, तिथून तिरकी होऊन कापडाबाहेर गेली होती. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे उघडे असत, पण ते कशावर ठरत नसत. डॉक्टर रोज येऊन मोठ्याने सांगत, "आजी, डोळे मिटा. आजी, डावा हात उचला." आजी काहीच करत नसत. डावा हात मधूनमधून आपल्याआपण हलायचा, चादर चाचपायचा, पण सांगितल्यावर कधीच नाही. पाचव्या आठवड्यात डॉक्टर काटेवाल्यांना म्हणाले, "त्यांना काही समजतंय असं आम्हाला दिसत नाही. तुम्ही मनाची तयारी ठेवा."

तयारी म्हणजे काय करायचं, हे त्यांना विचारता आलं नाही.

ते रोज सकाळी जात. भिंतीकडच्या खाटेपाशी स्टूल ओढून कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात स्तोत्र म्हणत. आपलं वचन म्हणत आणि तिच्या वचनापुरतं थांबत. ते तिला येत होतं, यांना नव्हतं. पुस्तक घरी होतं, आणता आलं असतं. पण तिचं वचन आपण म्हटलं की ती गेली असं होईल, ही भीती त्यांच्या मनात घट्ट बसली होती. म्हणून नुसतं थांबायचं. आणि अशा अर्ध्या स्तोत्रात उरायचं काय? तहान, पूर, का विसरलास, आणि आपणच आपल्या जिवाला समजावणं. धीराचं वचन तिच्याकडे, आणि ते तिने तोंडात मिटून घेतलेलं. काटेवाल्यांना वाटू लागलं, तिकडून उत्तर नाही आणि वरूनही नाही. दोन्हीकडे कोणी नाही. एकदा जिन्यावर बसून त्यांनी प्रार्थना केली, "घेऊन जा एकदाची तिला." आणि मग आपण काय बोललो या धसक्याने दिवसभर जेवले नाहीत.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती, दर शनिवारी यायची. तिने तिकडे एक सेवागृह बघून ठेवलं होतं. काही न समजणाऱ्या रुग्णांचा तिथे वेगळा विभाग होता. भेट आठवड्यातून एकदा. एक खाट रिकामी झाली होती, शनिवारी संध्याकाळपर्यंत होकार द्यायचा होता.

"तिला आता कुठे आहोत ते कळत नाही, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली होती. "तुम्हाला कळतं. आरशात बघा जरा, निम्मे झालात तुम्ही."

"मी आधीपासूनच निम्मा होतो," काटेवाले म्हणाले.

त्या शनिवारी सकाळी ते स्टुलावर बसले ते शेवटचंच म्हणून. ती जाणार होती, आणि ती गेल्यावर हे सोंग कोणासाठी करायचं? पहिलं वचन म्हटलं, थांबले. तिसरं म्हटलं, थांबले. मध्यावर आले, जिवाला समजावणारं म्हटलं. आणि पुढे पाणी दिसताच त्यांचं मन म्हणालं, नको. आज नको. ही चूक होती की पळवाट, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आमेन," ते म्हणाले आणि पिशवी उचलून उभे राहिले.

खाटेच्या लोखंडी कठड्यावर दोनदा वाजलं.

काटेवाले हळूच वळले. तिचा डावा हात कठड्याला लागून होता, बोट वाकलेलं. डोळे छताकडे.

"अगं?" ते म्हणाले. "काय?"

काही नाही. ते धावत जाऊन सिस्टरला घेऊन आले. सिस्टर भली बाई होती. ती वाकून म्हणाली, "आजी, बोट वाजवा बघू. आजोबांसाठी वाजवा." बोट हललं नाही. सिस्टरने काटेवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं कधी कधी. हात आपोआप हलतो. आणि तुम्ही थकलायत."

ती गेल्यावर काटेवाले पुन्हा बसले. त्यांना ठाऊक होतं, रस्त्यावरून जड गाडी गेली तरी काटा थरथरतो, पारड्यात काही नसताना. आताच औषधांची ढकलगाडी गेली होती का? कठडा त्या गाडीनेच वाजला का? पण त्यांना दुसरंही ठाऊक होतं. अडकलेल्या काट्यावर वजन ठेवलं तर सुई जागची हलत नाही, आणि आत स्प्रिंग मात्र पूर्ण ताणलेली असते. सुई बघून माणसं म्हणतात, मेला हा. खोलून बघितल्याशिवाय ते स्वतः असं कधी म्हणाले नव्हते. आणि माणूस खोलून बघायची सोय नाही.

तिचं अंगुस्तान पहिल्या दिवशी सिस्टरने काढून त्यांच्या हातात दिलं होतं, तेव्हापासून ते त्यांच्या खिशात होतं. त्यांनी ते तिच्या डाव्या बोटात घातलं. उजव्या बोटापेक्षा हे बारीक, म्हणून आत कापसाचा बोळा बसवला. मग तो हात उचलून कठड्याशी ठेवला. निदान वाजलंच तर कशाचं वाजलं यात शंका नको.

दुपारी मुलगी आली. हातात अर्ज होता, त्यावर सहीच्या जागी खूण केलेली. काटेवाल्यांनी अडखळत अडखळत तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच खोटं वाटू लागलं.

"किती वेळा वाजलं?"

"दोनदा."

"आणि तुम्ही आमेन लवकर म्हणालात?"

"हो."

मुलगी आईच्या बोटातल्या टोपीकडे बघत राहिली. लहानपणी पांघरुणात पडल्या पडल्या रोज सकाळी तिने ती टकटक ऐकली होती. "म्हणा परत," ती म्हणाली.

शेजारच्या खाटांभोवती भेटायला आलेली माणसं होती. काटेवाल्यांचे कान लाल झाले. जन्मात त्यांनी तिसऱ्या माणसासमोर स्तोत्र म्हटलं नव्हतं. तरी म्हटलं. मध्यावर येऊन, कठड्याकडे डोळे लावून, मुद्दाम म्हणाले, "आमेन."

काही वाजलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच तोडलं. काही नाही. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चिरकला, पलीकडच्या खाटेवरची माणसं वळून बघू लागली.

"पुरे, बाबा," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "पुरे आता."

काटेवाल्यांनी हात टेकले. अर्ज त्यांच्या मांडीवर होता, पेन मुलीने उघडून दिलं होतं. त्यांनी सही करायला कागद सरळ केला आणि तो तसाच राहिला. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी हिला फसवायला बसलोय, त्यांच्या मनात आलं. काट्याला टिचकी मारतात तसं. स्तोत्र म्हणतोय कुठे मी?

"हे पूर्ण करतो," ते म्हणाले. "मग सही."

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी कठड्याकडे बघितलं नाही. तहानेचं म्हटलं. थांबले. त्या थांबण्यात मुलीचा आवाज आला, बारीक, चाचरत. आईचं वचन ती म्हणत होती. पांघरुणात ऐकून ऐकून जेवढं राहिलं होतं तेवढं. काटेवाल्यांना वाटलं होतं, तिचं वचन दुसऱ्याने म्हटलं की सगळं संपेल. तसं काही झालं नाही. ते पुढचं म्हणाले, ती पुढचं. मधलं जिवाला समजावणारं आलं, ते न थांबता ओलांडून पुढे गेले. तिने आपलं म्हटलं. मग पाणी आलं, लाटा आल्या, सगळ्या डोक्यावरून गेल्या. काटेवाल्यांनी ते वचन पूर्ण म्हटलं आणि तोंड मिटलं.

मुलगी म्हणू लागली, वैऱ्यांची निंदा हाडांत शिरते, ते.

टक, टक.

धातूवर धातू. या वेळी वॉर्डात दुसरं काही हलत नव्हतं, ढकलगाडी नाही की पाऊल नाही.

मुलगी अर्ध्या शब्दावर थांबली. "आई?"

आईचे डोळे छताकडेच होते. बोट कठड्यावर टेकलेलं.

"ते दहावं," काटेवाले कुजबुजले. "आठवं राहिलं तुझं. तू पुढचं घेतलंस."

"आठवं कुठलं?"

काटेवाल्यांनी आठवून पाहिलं. पाण्याच्या आणि ‘का विसरलास’च्या मधलं ते एक वचन. रोज सकाळी ते ऐकलं होतं, आणि रोज सकाळी ते आपलं पुढचं जुळवण्यात गुंतलेले होते. दिवसाच्या कृपेचं काहीतरी, रात्रीच्या गाण्याचं काहीतरी. "मला येत नाही," ते म्हणाले. "ते तिचंच आहे."

"मलाही येत नाही, बाबा."

"मग थांबू," काटेवाले म्हणाले. "तिला म्हणू दे."

मुलीने त्यांच्या मांडीवरचा अर्ज उचलला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. "त्यांना नाही म्हणून कळवते," एवढंच बोलली, आणि स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली. दोघं थांबले. सात आठवडे काटेवाले याच जागी थांबत आले होते, आणि इथे कोणी नाही असं धरून चालले होते. तीच शांतता होती. ती बोलली नाही, आताही नाही. वरूनही आवाज आला नाही. पण काटेवाल्यांना त्या शांततेचं वजन लागलं, हातात पारडं धरल्यावर लागतं तसं. तिथे ती आपलं वचन म्हणत होती, सावकाश, एकही शब्द न गाळता. आणि तिचं ऐकून घेणारंही कोणीतरी तिथे होतं. ते आजच आलेलं नव्हतं, पहिल्यापासून होतं.

तिला नेहमी लागायचा तेवढा वेळ जाऊ दिला. मग काटेवाल्यांनी घसा साफ केला आणि आपल्या वाट्याचं पुढचं, तू मला का विसरलास ते, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.