आज्ञेशिवाय हललेली होडी

वृत्तपत्रात उपसंपादक होतो तेव्हा भुताखेतांच्या बातम्या मी पूर्ण न वाचताच बाजूला टाकत असे. आजही माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरीही हे लिहितो आहे, कारण त्या वेळी मी तिथे हजर होतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भिवंडीजवळ काल्हेरला सुधीरने वडिलांच्या गोदामाच्या माळ्यावर लहानशी सॉफ्टवेअर कंपनी काढली होती. कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्यांसाठी सोपी प्रोग्रॅमिंग लँग्वेज तयार करायची, एवढंच काम. कोड लिहायला सुधीर आणि नदीम, मॅन्युअल लिहायला मी. मॅन्युअलचं पहिलं वाक्य माझं होतं : 'आज्ञा दिल्याशिवाय पडद्यावरची कोणतीही वस्तू जागची हलत नाही.'

खाली कापडाचे तागे उतरवून घेताना सुधीरचे वडील – आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायचो – वर बघून म्हणत, "एवढ्या जागेत दोन ट्रकांचा माल मावला असता. तिथं पोरं खेळत बसलीत."

घरात हसणं या थट्टेपुरतंच उरलं होतं. आदल्या वर्षी सुधीरचा मोठा भाऊ विलास रेतीची होडी उलटून खाडीत बुडाला. होडी मिळाली, तो मिळाला नाही. बाबांना देहाऐवजी दर्भाचा पुतळा करून अंत्यविधी करायचे होते. विलासची बायको, रंजनावहिनी, कुंकू पुसायला तयार नव्हत्या. "मानूस गेला, ह्ये कुनी पायलंय?" असं त्या विचारत.

नमुना म्हणून सुधीरने एक छोटा गेम केला. काल्हेरची खाडी, दोन्ही काठांना तिवरांची झाडी, मध्ये एक होडी. कीबोर्डवर बाण दाबला की होडी चालायची.

एका दुपारी आम्ही जेवत होतो. कीबोर्डला कोणाचा हात नव्हता. होडी निघाली, खाडीच्या वरच्या अंगाला गेली आणि तिवरांच्या एका वळणावर थांबली.

"पाण्याला ओढ दिलीस का रे?" सुधीरने विचारलं.

"भाई, उसकी कमांड अभी लिखी कहाँ है? पाणी म्हणजे नुसता निळा रंग आहे," नदीम म्हणाला. "बोट को ओव्हरटाइम का शौक है."

दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच झालं. कीबोर्ड काढून ठेवला, तरी तेच… तेच वळण. नदीमने कोडची ओळ न् ओळ तपासली. मग त्याने विनोद करणं थांबवलं.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि पडद्यासमोर थांबल्या. "ही आपली खाडी ना, भावजी?"

"हां. पण होडी चुकीची चालतेय, वहिनी. आमचीच काहीतरी गडबड आहे."

"तिथं शोधलं व्हतं?"

सुधीरने नकारार्थी मान हलवली. विलासची होडी त्या वळणाच्या बरीच खाली उलटली होती आणि सगळा शोध त्याहून खाली, समुद्राच्या दिशेने झाला होता.

"येडेपना हाय," बाबा म्हणाले. तरी दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्यांनीच होडी काढली. वहिनी, सुधीर आणि मी बसलो.

वळणावर बाबा चिखलात उतरले. तिवरांच्या मुळांत एक स्टीलचा डबा अडकला होता. वहिनींनी पदराने गाळ पुसला. लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं त्यावर विलासचं नाव कोरलेलं होतं. डब्याची कडी लागलेलीच होती.

"त्या सकाळी मीच भरून दिला व्हता," वहिनी म्हणाल्या. "जेवला पन न्हाय ओ, बाबा."

बाबांचा हात चिखलाने भरलेला होता. तो तसाच त्यांनी सुनेच्या डोक्यावर ठेवला.

विधी झाले. पिंडांसाठीचा भात वहिनींनी त्याच डब्यातून नेला.

भरतीबरोबर डबा वर गेला असेल, हे मला समजतं. कॉम्प्युटरला ते कसं कळलं, हे समजत नाही. विधींनंतर होडी आपोआप कधीच हलली नाही. नदीमने कोडची जुनी आणि नवी प्रत ताडून पाहिली – एका अक्षराचा फरक नव्हता.

मॅन्युअल छपाईला देताना सुधीरने विचारलं, "पहिलं वाक्य तसंच ठेवायचं?"

मी ते खोडलं नाही. आज्ञा कोणीतरी दिलीच असेल. कोणी, ते मला आजही माहीत नाही.