इंजिनाची पेटी आणि मालकाचा हात

वसईत मी पोलीस निरीक्षक असतानाचं एक प्रकरण अजून मनातून जात नाही. त्यात खून नव्हता की दरोडा नव्हता. जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी होती, आणि ती मी जप्त केली होती. आता नायगावच्या फ्लॅटच्या बाल्कनीत चहा घेत बसलो, की वर्तमानपत्रांत गाजलेले माझे तपास आठवत नाहीत, ही पेटी आठवते.

पावसाळी मासेमारीबंदी उठायला आठवडा उरला होता. वसईच्या पाचूबंदरला, कोळ्यांच्या बंदरावर, बोटींना रंग लागत होते, जाळी शिवून होत आली होती. त्या सुमारास बोटींची इंजिनं विकणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी ठाण्यात आला. नव्या इंजिनांवर कंप्युटरची एक पेटी असते, काही बिघडलं की ती इंजिन बंद करते, आणि कंपनीच्या माणसाने येऊन आपल्या यंत्राने तिचं कुलूप काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, असं त्याने समजावून सांगितलं.

"ही कुलपं वसईत कुणीतरी फोडतंय, सर. आतलं सॉफ्टवेअर आमचं आहे. टोळीच आहे पूर्ण."

तक्रारीत कॉपीराइट कायदा होता, माहिती तंत्रज्ञान कायदा होता. टोळी म्हटलं की पोलिसाचे कान टवकारतात. माझेही टवकारले. गुन्हा दाखल करून घेतला आणि खबऱ्यांना कामाला लावलं.

बंदरावर बर्फ पुरवणारा एक जण आमचा खबरी होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "सायब, टोळीबिळी काय नाय. एक म्हातारा मिस्त्री हाय, गावात, चर्चच्या मागं. आदी रेडिओ बनवायचा. आता इंजानाच्या पेट्या त्याच्याकडं जातात."

मी सापळा लावला. कंपनीकडून एक कुलूपबंद पेटी घेतली आणि माझ्या एका हवालदाराला जुना शर्ट घालून गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. तासाभराने तो पेटी तशीच घेऊन परत आला.

"साहेब, त्याने हातच लावला नाही. पहिला प्रश्न, मालक कोण? मी म्हटलं, मामाची आहे. तर म्हणतो, मामाला घेऊन ये. मालक समोर बसून वस्तूवर हात ठेवत नाही, तोवर मी स्क्रू काढत नाय."

मला हसू आलं. म्हातारा पोचलेला आहे, पोलिसांचा वास आला म्हणून नाटक करतो, असं मी हवालदाराला सांगितलं. तीस वर्षांच्या नोकरीत माणसं ओळखायला शिकलो, असा माझा समज होता. सरळ माणूस सरळ बोलला, की आम्हाला त्यात डाव दिसतो. हा खात्याचा जुना आजार आहे आणि मला तो चांगलाच जडला होता.

दोन दिवसांनी खबर आली, की पाचूबंदरच्या एका बोटीची पेटी दुकानात आली आहे. पंच घेऊन आम्ही गेलो. खोलीएवढं दुकान, भिंतीवर क्रूस, फळीवर उघडे पडलेले मिक्सर आणि पंखे. सोल्डरिंगचा वास नाकात शिरला आणि मला एकदम आमच्या गावच्या बाजारपेठेतला घड्याळवाला आठवला. वडिलांचं बोट धरून मी त्याच्यासमोर तासन्‌तास उभा राहायचो. तो आठवणीचा कढ मी तिथेच गिळला आणि पंचनाम्याला सुरुवात केली.

टेबलावर पेटी उघडी होती. मिस्त्री चष्म्यावर भिंग लावून बसला होता. त्याच्यासमोर स्टुलावर एक कोळीण होती, हात टेबलावर. मिक्सर दुरुस्तीला आली असेल असं समजून मी तिला बाजूला व्हायला सांगितलं. पंचनाम्यात एका ओळीत लिहिलं, 'एक महिला हजर होती.' नावसुद्धा विचारलं नाही. पेटी मिस्त्रीच्या ताब्यातून जप्त केली, लाखेचं सील लावलं आणि ती मुद्देमाल खोलीत गेली.

मिस्त्रीला चौकशीला बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे, म्हणून अटक केली नाही. रोज सकाळी यायचा, बाकावर बसायचा.

"कुलूप फोडलंत का?"

"फोडलं नाय साहेब, काढलं. आतला एक सेन्सर गेलता, तो बदलला. पण पेटी ऐकेना, ती म्हणते कंपनीचा माणूस पाहिजे. तो पंधरा दिवसांनी येणार. बोट तोवर काय करेल?"

"प्रोग्रामची कॉपी काढून कुणाला विकलीत?"

"कॉपी कशाला? मला पेटी चालू करायची होती. मालकाच्या समोर खोललं."

"मालकाचं नाव सांगा."

"त्यांना कशाला ओढता? खोललं मी. मला विचारा."

तिसऱ्या दिवशी बसल्या बसल्या त्याचं लक्ष आमच्या खरखरणाऱ्या वायरलेस सेटकडे गेलं. "साहेब, याचा एक सांधा सुटलाय. पाच मिनिटांचं काम हाय." मग स्वतःच मान हलवली. "नको. सरकारी वस्तू. याचा मालक कोण, कुणाला समोर बसवू?" सगळं ठाणं हसलं. मीही हसलो, पण त्या क्षणी मला पहिल्यांदा शंका आली, की हा माणूस नाटक करत नसावा.

बोट चालवणारा तांडेल कोण ते शोधून मी त्याला मालक म्हणून बोलावलं. तो घाबरून गेला होता. "मना काय म्हायती नाय," यापुढे जाईना. बंदी उठायला दोन दिवस राहिले होते.

त्याच संध्याकाळी ती स्टुलावरची बाई ठाण्यात आली. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून तिने माझ्या टेबलावर पसरले. बोटीची नोंदणी तिच्या नावावर, इंजिनाचं बिल तिच्या नावावर. तांडेल तिचा नवरा होता.

"सायब, त्याला काय इचारता? बोट माजी, इंजान माजा. मिस्त्रीला मी सांगितलं खोल म्हनून. तुमी आलात तवा माजा हात पेटीवरच व्हता. तुमी मना बाजूला सारलं."

कंपनीचा प्रतिनिधी तिथेच बसला होता. म्हणाला, "इंजिन तुमचं आहे, मावशी. आतलं सॉफ्टवेअर आमचं."

"माज्या घरात तुमचा भाडोत्री ठेवलाय व्हय? मग भाडा कोन देतंय मना?"

तो तक्रारीची प्रत चाळू लागला. मी नोंदणीवरचं नाव पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकील बाईंकडे जाऊन बसलो. त्यांनी कलमं माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली. कंप्युटरमध्ये शिरणं गुन्हा आहे, पण मालकाच्या परवानगीशिवाय शिरलं तर. कुलूप काढणं गुन्हा आहे, पण आतल्या मजकुराचे हक्क मोडायचा हेतू असेल तर. इथे परवानगी मालकिणीने दिली होती आणि कॉपी कुणीच काढली नव्हती. वकील बाई म्हणाल्या, "कंपनीला वॉरंटी नाकारायची तर नाकारू दे, दिवाणी दावा लावू दे. तुमचं यात काय काम?" मी कोर्टाला 'क समरी' अहवाल पाठवला. म्हणजे गैरसमजुतीतून दाखल झालेला गुन्हा.

पण सील लावलेला मुद्देमाल माझ्या शब्दावर सुटत नाही. त्याला कोर्टाचा आदेश लागतो. बंदी उठली त्या दिवशी मी पाचूबंदरला बंदोबस्ताला होतो. झेंडे लावून एकेक बोट निघत होती, बायका किनाऱ्यावरून हात हलवत होत्या. एकच बोट धक्क्याला बांधलेली होती. ताजा निळा रंग, आणि समोर ती बाई उभी. मला तिच्याकडे बघवलं नाही.

पेटी सुटायला बारा दिवस लागले. मोसमाचे पहिले बारा दिवस, जेव्हा सगळ्यांत जास्त मासळी मिळते. पेटी देताना मी म्हणालो, "बाई, माझी चूक झाली."

तिने पेटी पदरात गुंडाळली. "तुमी वाईट नाय, सायब. पन मिस्त्री इचारतो ना पयलं, ते तुमी शेवटी इचारलं."

आम्ही पंचनाम्यात 'कोणाच्या ताब्यातून' हे न चुकता लिहितो. वस्तू कोणाची, हे पुढे कोर्ट बघेल म्हणून सोडून देतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी प्रत्येक जप्तीआधी तो प्रश्न विचारला. त्याने त्या बाईचे बारा दिवस परत आले नाहीत, आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं.

गेल्या महिन्यात आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. कंपनीचा मुलगा म्हणाला, बोर्ड लॉक झालाय, नवीनच घ्या. मी तो बोर्ड काढायला लावला, पिशवीत घातला आणि थेट चर्चच्या मागचं दुकान गाठलं. मिस्त्री आणखी वाकला होता, पण त्याने मला ओळखलं. बोर्ड उलटासुलटा पाहिला आणि खाली ठेवला.

"मालक कोण?"

मी रुबाबात बोर्डावर हात ठेवला. "मी."

"बिल कुणाच्या नावावर हाय?"

मी बोर्डावरचा हात काढून घेतला. मशीन सौ.ने तिच्या पेन्शनमधून घेतलं होतं. मिस्त्री भिंगाआडून हसला. "साहेब, त्यांना घेऊन या."

मी रिक्षाने घरी गेलो आणि तिला घेऊन आलो. ती स्टुलावर बसली, बोर्डावर हात ठेवला. मी बाजूला उभा राहिलो.