परडीभर सोनचाफा

दोन हजार साल उजाडायला आलं होतं. कतारला, दोह्याच्या अल दुहैल भागात आम्हाला कंपाउंडमधला व्हिला मिळाला. पुढे चांगली मोकळी जागा बघून मी उभ्या उभ्या जाहीर केलं, "इथे सोनचाफा लागणार." हे नुसतेच हसले.

चाफा मला माझ्या हौसेसाठी नको होता. बाबा गेल्यापासून आई रत्नागिरीला एकटी होती. कितीदा म्हटलं, ये गं इकडे, तर तिचं एकच पालुपद, "देवाला फूल मिळत नाही तिथे येऊन मी काय करू?" सकाळची पूजा, तेवढंच काय ते तिचं उरलं होतं. म्हणजे फूल असलं की आई येणार, हे मी मनाशी पक्कं धरलं.

नर्सरीवाला केरळचा, हिंदीत बोलायचा. त्याने बोगनवेल दाखवली, पिवळ्या घंटांची टिकोमा दाखवली आणि शेवटी कण्हेरीपाशी येऊन थांबला. "मिट्टी में नमक है, बहनजी. चंपा नहीं टिकेगा. कनेर लो." कण्हेर! दोह्यात जाल तिथे रस्त्याच्या कडेला तीच. मी त्याला ठणकावलं, झाडांतलं मला शिकवू नका, मी कोकणातली आहे. चाफाच घेतला. तरी त्या भल्या माणसाने कण्हेरीचं एक रोप फुकट गाडीत ठेवलं. ते मी मागच्या भिंतीला, एसीचं पाणी ठिबकायचं तिथे, खोचून टाकलं आणि विसरले.

चाफ्याचे मात्र लाडच लाड. आमच्याकडे मासे धुतलेलं पाणी झाडाच्या मुळाशी घालतात, आईचं सगळं परसू त्याच्यावर पोसलेलं. मीही दर शुक्रवारी सुरमई मीठ चोळून धुवायची आणि ते पाणी थेट चाफ्याला. पानांच्या कडा करपायला लागल्या, तर मी आणखी घातलं.

"अगं, खाऱ्या मातीत आणखी मीठ?" हे म्हणाले.

मी ऐकते कसली! उलट त्याच आठवड्यात आईला फोनवर ठोकून दिलं, "चाफा फुललाय. रोज परडीभर फुलं निघतात."

"बरं, येते," आई म्हणाली.

तिचा व्हिसा येईपर्यंत चाफ्याची काडी झाली होती. विमानतळावरून मी तिला घरी आणलं. आई गाडीतून उतरली ती तडक काडीपाशी. वाकून तिने चिमूटभर माती उचलली, हुंगली, जिभेच्या टोकाला लावून बघितली.

"मिठाचं पाणी घातलंस? अगं बये, मीठ लावायच्या आधीचं धुवण घालायचं असतं! इतकी वर्षं माझ्याकडे काय बघत होतीस?"

मग ती घराला वळसा घालून मागे गेली. तिथे कण्हेर कमरेएवढी होऊन गुलाबी फुलांनी लगडली होती. आई आंघोळ करून आली, ओंजळभर फुलं काढली आणि पूजेला बसली. तिची घंटा माझ्या घरात वाजली तेव्हा मला राहवेना. पूजा आटोपल्यावर मी रडतच म्हटलं, "आई, मी खोटं बोलले गं."

"ठाऊक आहे. कालपरवा लावलेल्या रोपाला परडीभर फुलं? मी काय खुळी आहे?"

"मग आलीस कशाला?"

"तुला खोटं बोलावं लागलं म्हणून."