जाळीतलं तनीस

पवनीकडच्या माझ्या जुन्या शाळेला प्लास्टर नव्हतं. उघड्या लाल विटा, आणि वारा खेळावा म्हणून भिंतीत मधूनमधून एकेक वीट गाळून केलेली जाळी. शाळेला लागून घर असलेल्या बाईंना ती शाळा कधी पूर्ण झालेली वाटलीच नाही. "मिस्तरी भोकं बुजवाले इसरला का जी गुरुजी?" हे त्या मला येताजाता विचारत. मी वारा, उजेड असं काही सांगू लागलो की मान डोलावत, पदर खोचत निघून जात. पटलं नसलं की त्यांची मान जरा जास्तच डोलायची.

पहिल्याच थंडीत एका सकाळी येऊन बघतो तर जाळीत जिकडेतिकडे धानाचं तनीस, म्हणजे भाताचा पेंढा, कोंबलेलं. मी चिडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "पोरं गारठून राहिले, अन् तुम्ही वाऱ्याचं काय सांगता?" उन्हं तापू लागली तसं त्यांनीच ते उपसून गाईपुढे टाकलं. मग दर हिवाळ्यात हे ठरूनच गेलं.

त्यांच्या अंगणाकडचं एक भोक मात्र त्या कधीच बुजवत नसत.

"ते काहून सोडलं?" मी एकदा विचारलं.

सुपातले तांदूळ निवडता निवडता, वर न बघता त्या म्हणाल्या, "तेथून पाढे आयकू येते ना जी."

आता मी लाखांदूरला आहे. इथल्या खिडक्यांना काचा आहेत आणि शेजारी कुणाचं अंगण नाही. तरी पाढे सुरू झाले की मी मुलांना म्हणतो, जरा मोठ्यानं.