एक खोट ठेवावी

सुताराच्या रंध्याखाली ढलप्या साचाव्यात तसे आमच्या कारागीर मंडळाचे किस्से साचलेत. झाडणारा कुणी न्हाई, म्हणून राहिले. निजामाचा जमाना, गाव जालना, अन् मी पितळकाम करणारा.

मंडळ निघालं, पण सदर, म्हंजे अध्यक्ष, कोण हे ठरवायचंच राहून गेलं. दगडूबा सुतार समजायचे, करीमचाचा लोहार सदर हायेत. चाचा समजायचे, दगडूबा हायेत. "बोला सदरसाहेब," असं एकमेकांना म्हणून दोघंही गप बसायचे. मंग चहा व्हायचा अन् सभा उठायची.

*

मंडळातला परतूरचा विणकर एकदा चिडला. "दर खेपेला म्याच का रेल्वेनं यायचं?" आम्हाला पटलं. पुढच्या सभेला त्याला न सांगता आम्हीच परतूरला गेल्तो. तर हा आपल्या बोलण्याची शरम वाटून पहाटेच जालन्याला आल्ता! त्याच्या बायकोनं आम्हाला जेवू घातलं अन् विचारलं, "तुम्ही इथं, मंग त्ये कुणाकडं गेले?" पुढं कैक दिवस तो सांगायचा, "मी हजर होतो, मंडळच गैरहजर होतं." बिलकुल खरं होतं.

*

गंगूबाईचा नवरा रंगारी, मंडळात होता. तो गेल्यावर रंगाची भट्टी तिनंच चालवली. एक दिवस सभेत येऊन म्हणाली, "आता मंडळात माझं नाव घ्या."

दगडूबा गडबडले. "बाईमाणूस कारागीर कसं म्हणावं?"

"मंग गावात लुगडी कोण रंगवून राह्यलंय?" चाचांनी विचारलं.

पुढच्या सभेत बघू, असं ठरलं. अशा लई सभा झाल्या. ती दर वेळी यायची अन् दाराशीच बसायची. मला वाईट वाटायचं, पण 'पुढच्या सभेत बघू' म्हणणाऱ्यांत मीही होतो.

*

मंग हैदराबादहून मोठे साहेब मंडळ बघायला येणार, असं कळलं. त्यांच्यासाठी सगळ्यांनी मिळून खुर्ची केली. आमच्यात रीत अशी की कारागिरानं आपल्या कामात एक खोट ठेवावी, न्हाईतर कामाला नजर लागते. दगडूबांनी एक पाचर ठोकली न्हाई. चाचांनी एक पट्टी ढिली ठेवली. मी मागच्या पायाचा एक खिळा गाळला. एकाच्या खोटीनं काय होतंय, असं ज्याला त्याला वाटलं. गादी तेवढी गंगूबाईनं शिवून, रंगवून दिल्ती.

साहेब बसले अन् खुर्चीसकट खाली आले!

"ये किसने बनाई?"

चाचांनी कशीबशी ती रीत सांगितली. "खोट कुणाकुणाची?" असं साहेबांनी विचारल्यावर आमचे तिघांचे हात हळूहळू वर गेले. साहेबांना हसावं का रागवावं कळेना. मंग गादीवरनं उठले. ती उलटीपालटी करून बघत म्हणाले, "आणि हिच्यात? हिच्यात तर काही दिसत नाही."

दाराशी बसलेली गंगूबाई म्हणाली, "न्हाईच, साहेब. खोट कारागिरानं ठेवायची असती. मला अजून यांनी कारागीर केलं न्हाई."