कोर्टाच्या पाण्याविरुद्ध मी केलेलं भाषण

वाघमारे सर आज सकाळी गेले. आणि मला हलकं वाटतंय.

चिडण्याआधी पुढचं वाचा.

सर आमच्या सहकारी साखर कारखान्यात टाइमकीपर. ऑफिसर्स क्लबचं मातीचं टेनिस कोर्ट ओस पडलं होतं. तिथं ते आपल्या लेकीला, प्रज्ञाला, टेनिस शिकवायचे.

मातीचं कोर्ट रोज भिजवावं लागतं. नाहीतर भेगा पडतात, चेंडू कुठंही उडतो.

मग दुष्काळ पडला. बीडमधल्या शिरूरकडच्या वस्त्यांवर टँकर पोचेना.

मी सर्वसाधारण सभेत माइक धरला. "माणसं तहानलेली, आणि तुम्ही खेळाला पाणी पाजता?"

टाळ्या. ठराव एकमतानं मंजूर. कोर्टाचं पाणी बंद.

बाहेर सर भेटले. वाटलं, भांडतील.

"बरोबर बोललात भाऊ. मी बी हात वर केलता."

"आणि प्रज्ञा?"

"आंघोळीचं पाणी तर आमचंच हाय न्हवं?"

तेव्हापासून बापलेक मोठ्या घमेल्यात बसून आंघोळ करायचे. दोन बादल्या सांडपाणी निघायचं. त्यात कोर्टाचा एकच कोपरा भिजायचा, सर्व्हिस करताना उभं राहण्यापुरता.

वर्षभर पोरीनं फक्त सर्व्हिस मारली.

पुढं तेच झालं. सर्व्हिस तोफ, बाकी खेळ लहरी. आज भल्याभल्यांना लोळवायची, उद्या पहिल्याच फेरीत बाहेर.

ती हरली की मला माझं भाषण आठवायचं. टाळ्यांसकट.

भाषण चुकीचं नव्हतं. आजही तेच करीन. पण किंमत माझ्या घरानं मोजली नव्हती.

गेल्या महिन्यात पुण्यात तिची पहिली प्रोफेशनल फायनल. सर बीडला दवाखान्यात, मी उशाशी मोबाइल धरून.

पहिला सेट जिंकली. दुसरा घालवला. तिसऱ्यात मॅच पॉइंट, आणि डबल फॉल्ट!

"लई लहरी हाय कार्टी. आईवर गेली."

मला राहवलं नाही. "सर, माझ्यामुळं. माझ्या भाषणानं तिचा अर्धा खेळ खाल्ला."

"गप बसा भाऊ. ती सर्व्हिस करायलीय."

पुन्हा मॅच पॉइंट.

एस!

समोरचीची रॅकेटसुद्धा हलली नाही. प्रज्ञा चॅम्पियन.

सरांनी स्क्रीनकडं बोट केलं. मग म्हणाले, "चेंडू परत आलाच न्हाई. अर्ध्या खेळाचं काय घेऊन बसलात?"

आज सरांना शेवटची आंघोळ घातली. दोन बादल्या पाणी उरलं. प्रज्ञानं एक उचलली आणि कोर्टाकडं चालू लागली.

दुसरी मी उचलली.

निवांत जा सर. कोपरा भिजवलाय.

जय भीम.