सोलरवरच्या कुरडया

मी इंजिनिअर आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. आणि एका वर्षी, थंडी सरता सरता, मी आमच्या अख्ख्या इमारतीला गार पाण्यानं आंघोळ घातली.

त्याचं असं झालं. पुण्याजवळच्या मांजरी गावात तेव्हा उसाच्या फडांतून नुकत्याच इमारती वर यायला लागल्या होत्या. त्यातल्या एकीत मी संगणकाच्या कंपनीतल्या पगारावर फ्लॅट घेतला. शिकलेला माणूस म्हणून लोकांनी मला सोसायटीचा सेक्रेटरी केलं. (दुसरं कोणी उभं नव्हतं, पण ते सांगत बसायची गरज नाही.) सेक्रेटरी झालो म्हटल्यावर काहीतरी करून दाखवायला हवं. मी गच्चीवर सोलर बसवायचा ठराव आणला. नळ सोडला की गरम पाणी. गॅस नको, धूर नको. "वर एवढं ऊन फुकट चाललंय, त्याचा उपयोग करा," हे वाक्य मी घरी आईसमोर तीनदा म्हणून पाहिलं आणि मग सभेत म्हटलं.

विरोध एकट्या कुलकर्णी काकांचा. काका तळमजल्यावर राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले, सगळा जन्म सदाशिव पेठेत गेलेला, आणि मांजरीत राहायला आल्याबद्दल त्यांनी स्वतःला अजून माफ केलेलं नव्हतं.

"जगताप, आपण म्हणता पाणी गरम येईल. नाही आलं तर?"

"नाही आलं तर माझ्या हातानं तापवून घरपोच देईन, आणि वर राजीनामा देईन," मी म्हणालो.

"सगळ्यांनी ऐकलंय ना?" काकांनी सभेला विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

घरातला विरोध आईचा. तिनं गावाहून येताना तांब्याचा बंब आणला होता. मी तो माळ्यावर टाकला.

"आई, आता नळाला गरम पाणी आहे. फ्लॅटमध्ये धूर करत नसतात."

"बंबाच्या पाण्याची सर हाय का तुझ्या नळाला? पहाटं अभ्यासाला उठायचास तवा ह्याच बंबाचं पानी घिऊन उठायचास. त्यावर इंजनेर झालास."

"इंजिनिअर मी अभ्यासावर झालो."

"आंघोळीबिगर उठला असतास का अभ्यासाला?" आई म्हणाली. याला उत्तर अभ्यासक्रमात नव्हतं.

सोलर बसला आणि खरंच उत्तम चालला. अख्खी थंडी लोक नळाखालून लालबुंद होऊन बाहेर येत होते. जिन्यात भेटले की मला नमस्कार करत होते. मी गच्चीला कुलूप लावलं. वर मुलं क्रिकेट खेळायची, काचा फुटल्या असत्या. किल्ली एकच. ती आमच्या बाहेरच्या खोलीत, माझी पदवी फ्रेम करून लावली आहे तिच्या खालच्या खिळ्याला.

मग एका सकाळी नळाला गार पाणी आलं. दुसऱ्या सकाळीही. तिसऱ्या दिवशी जिन्यातला नमस्कार बंद झाला.

मी कंपनीत मोठमोठ्या प्रणाल्यांमधले दोष शोधत असे. त्यामुळे घाबरलो नाही. आकाश स्वच्छ, ऊन कडक, टाकी भरलेली. म्हणजे दोष पाइपात. पाइप तपासले. म्हणजे दोष टाकीत. टाकी तपासली. हे सगळं मी संध्याकाळी, कंपनीच्या बसमधून उतरल्यावर करायचो, कारण दिवसा मी कामावर. सोलर कंपनीचा माणूसही मी संध्याकाळीच बोलावला. त्यानं बॅटरीच्या उजेडात सगळं पाहिलं.

"साहेब, सगळं ओके आहे. काचा तर काय चकाचक! रोज पुसता वाटतं?"

"मेंटेनन्स लागतो," मी म्हणालो. काचा कोण पुसतं याची मला काहीही कल्पना नव्हती, पण कौतुक होतं, ते मी परत कशाला पाठवू?

रोज सकाळी मी त्या गार पाण्यानं आंघोळ करून दात वाजवत बाहेर यायचो. आणि रोज सकाळी माझी बायको सुनीता माझ्या हातात वाटी ठेवायची. वाटीत वाफाळलेला गव्हाचा चीक, वर दूध आणि साखर. गहू भिजवून, वाटून, त्याचं सत्त्व काढून शिजवलं की चीक होतो. तो गरम गरम खाल्ला की माणसाला राग म्हणून कोणाचा येत नाही. पहिल्या घासाला सोलर विसरायचो, वाटी संपेपर्यंत कुलकर्णी काकाही. वाटी चाटूनपुसून मी बस पकडायचो.

चीक माझ्या एका वाटीसाठी कोणी पातेलंभर शिजवत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. इतकं लक्षात यायला बहुतेक पदवी नसावी लागते.

शेवटी रविवारी दुपारी तातडीची सभा. कुलकर्णी काका खुर्ची पुढे ओढून बसले. अंगात स्वेटर, वर मफलर. मार्चच्या उन्हात. निषेध म्हणून.

"जगताप, आपल्या राजीनाम्याचं काय ठरलं?"

"काका, हा घातपात असू शकतो," मी म्हणालो.

"वर कोण जाऊ शकतं?"

"कोणीच नाही. किल्ली एकच आहे आणि ती चोवीस तास माझ्या घरात असते."

सभेनं माना डोलावल्या. मला वाटलं, माझा मुद्दा पटला.

"म्हणजे घातपात आपल्या घरातून झाला," काका म्हणाले.

मी म्हणालो, चला, आत्ता, भर उन्हात, सगळ्यांसमोर यंत्र तपासू. दोष सापडला नाही तर तिथंच राजीनामा देतो. आणि किल्ली आणायला घरात गेलो. पदवीखालचा खिळा रिकामा.

"सुनीता, किल्ली कुठाय?"

"आईंकडे."

"आई कुठाय?"

"वर."

"वर काय करतेय?"

सुनीता कढईतला झारा हातात घेऊन बाहेर आली. "अहो, आठवडाभर सकाळी वाटीत काय खाताय?"

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही सगळ्यांना विचारलंत. मला कुठे विचारलंत?"

मागे वळलो तर सगळी सभा आमच्या दारात. ती तशीच जिना चढून वर गेली. मी तिच्या मागोमाग. (नेहमी मी पुढे असतो.)

गच्चीचं दार उघडंच होतं. आणि आमचा सोलर, तो काळाभोर, मी ज्याच्यावर भाषण केलं तो सोलर, पांढराशुभ्र झाला होता. सगळ्या काचांवर आमच्या वडिलांची जुनी धोतरं अंथरलेली, आणि धोतरांवर ओळीनं कुरडया. तिरक्या काचेवरून धोतर घसरू नये म्हणून त्याचं टोक पाइपाला बांधलेलं. कशानं, तर मी पहिल्या मुलाखतीला घातलेल्या टायनं. बाजूला छत्रीच्या सावलीत आई, हातात काठी, कबुतरांवर नजर.

"समदीच आलायसा?" आई म्हणाली. "चपला तिकडं काढा."

सभेनं चपला काढल्या. कुलकर्णी काकांनीही काढल्या.

"आई, हे काय केलंस तू?"

"काय केलं? खाली फरशीवर ह्या मेल्या कबुतरांची घाण. ह्या काचा बघ, पुसल्या की लख्ख, आन तव्यावानी तापत्यात. एका उनात कुरडई खडखडीत. तूच म्हनला नव्हतास व्हय, ऊन फुकट चाललंय, उपेग करा?" मग ती सभेकडे वळली. "लई गुणाचं यंत्र हाय बगा. माझ्या लेकानं बसवलंय."

तिच्या आवाजात इतका अभिमान होता, की काचा झाकल्या म्हणून पाणी तापत नाही हे तिला सांगायला माझं तोंड उघडेना. दुसऱ्या कोणाचंही उघडलं नाही.

कुलकर्णी काका पुढे झाले. अजून ओलसर असलेल्या एका कुरडईचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवायला घेतला.

"मीठ बरोबर आहे," काका म्हणाले. त्यांनी कोणत्याही गोष्टीला बरोबर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "आमची ही असताना घरी होत असत. नंतर दुकानातून आणल्या. त्या कुरडया नव्हेत."

"खाली तळत्यात, थांबा की," आई म्हणाली.

सुनीता परातभर तळलेल्या कुरडया घेऊन वर आली. सभा उन्हातच बसली. पुढचा काही वेळ नुसता कुडुमकुडुम आवाज. काकांनी मफलर काढला, थोड्या वेळानं स्वेटर काढला. राजीनामा कोणाला आठवेना. मी आठवण करून दिली नाही.

परात रिकामी झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या शेखबाई म्हणाल्या, "आजी, तुमचं झालं की ती कडेची काच मला द्याल? बटाट्याचे पापड करायचेत." लगेच वरच्या मजल्याला साबुदाण्याच्या चकल्या आठवल्या. त्यावरच्याला सांडगे. माझ्याच सोलरचं माझ्यासमोर वाटप झालं. सगळ्यांचं वाळवण संपेपर्यंत काचा वाळवणाकडे, असा ठराव हात वर करून मंजूर झाला.

"आणि गरम पाणी?" मी विचारलं.

सगळे कुलकर्णी काकांकडे बघायला लागले.

"ते घरपोच येणार आहे," काका म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलेलं आहे."

त्याच दिवशी माळ्यावरून बंब खाली आला आणि गच्चीत गेला. लोकांनी करवंट्या आणि खोकी आणून दिली. बहुतेकांनी गॅसवर भागवलं, पण काकांनी भागवलं नाही. रोज पहाटे मी बंब पेटवायचो, आई शेजारी बसून जाळ बरोबर नाही म्हणून सांगायची, आणि मी बादली घेऊन लिफ्टनं खाली. परत आलो की उरलेल्या पाण्यानं स्वतः आंघोळ. त्या पाण्याला थोडा धुराचा वास यायचा. (नळाला त्याची सर नाही. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.) मग वाटीभर चीक. मग बस.

वर्ष संपलं, निवडणूक आली, आणि मी पुन्हा सेक्रेटरी झालो. या वेळी दुसरा एक जण उभा होता, तरी झालो. माझं नाव कुलकर्णी काकांनीच सुचवलं आणि छोटंसं भाषणही केलं.

"जगताप उच्चशिक्षित आहेत," काका म्हणाले. "आणि त्यांचं शिक्षण वाया गेलेलं नाही. पाणी उत्तम तापवतात."